सुशोभित तळे नको, स्वच्छ पाणी हवे!

मे महिना आला की महाराष्ट्रातील महापालिकांत नालेसफाईची धावपळ सुरू होते. पावसाळा सरला की तलावातील जलपर्णी काढण्याची टेंडरे निघतात. पुढच्या वर्षी पुन्हा तोच गाळ, तीच जलपर्णी आणि पुष्कळदा तोच ठेकेदार! मध्येच कधीतरी 'तलाव सुशोभीकरण' नावाची मोठी योजना येते. काठावर रंगीत पेव्हर ब्लॉक बसतात, कारंजे उभे राहते, पुढाऱ्याच्या नावाची कोनशिला लागते आणि नाल्याकाठच्या वस्तीला नोटिसा जातात. तलाव मात्र हिरवाच राहतो. तलाव हिरवा का होतो, त्याच्या पोटात काय जाते आणि ते कोठून येते, हा साधा प्रश्न सभागृहात फारसा विचारला जात नाही. तो प्रश्न आज आम्ही येथे विचारणार आहोत. कारण त्याच्या उत्तरावर जनतेच्या पैशाचा खर्च आणि नाल्याकाठच्या गरिबांची घरे, दोन्ही अवलंबून आहेत.

शेतकऱ्याच्या पोराला नत्र आणि स्फुरद काय असते हे सांगावे लागत नाही. युरियातून नत्र मिळते, सुपर फॉस्फेटमधून स्फुरद मिळते आणि पीक तरारते. हीच दोन द्रव्ये तलावात गेली की तेथेही पीक तरारते. फक्त ते पीक असते शेवाळाचे आणि जलपर्णीचे. शेवाळ मरते, तळाशी कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. मग मासे मरून वर येतात, पाण्याला वास सुटतो आणि डासांची पैदास होते. जलपर्णी हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे. यंत्र लावून जलपर्णी ओढून काढणे म्हणजे तापाच्या रोग्याचा घाम पुसत बसणे होय.

हे नत्र आणि स्फुरद येते कोठून? पहिला आणि सर्वांत मोठा स्रोत म्हणजे प्रक्रिया न करता सोडलेले मैलापाणी. त्यावर बरेच लिहिले गेले आहे, जरी केले कमी गेले असले तरी. दुसऱ्या स्रोताकडे मात्र कोणाचे लक्ष नाही. तो म्हणजे पावसाचे वाहते पाणी. पाऊस आकाशातून पडतो तेव्हा बऱ्यापैकी स्वच्छ असतो. नंतर तो बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या हिरवळीवरचे रासायनिक खत धुतो, रस्त्यावरचे शेण व कुजलेला पालापाचोळा धुतो, बांधकामाची उघडी माती धुतो, गाड्या धुतलेल्या साबणाचा फेस आणि गाड्यांच्या धुरातून जमिनीवर बसलेले नत्र धुतो आणि हे सगळे घेऊन गटारात शिरतो. पूर्वी मोकळी जमीन होती, तेव्हा यातले बरेच पाणी मुरत होते. आज डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांनी जमिनीचे तोंड बंद करून टाकले आहे. जितकी जमीन झाकलेली, तितके पाणी जास्त आणि तितकी घाण जास्त. आता वाचकांनीच सांगावे, शहरात जास्त जमीन कोणी झाकली? दहा बाय बाराच्या झोपडीने, की मॉलच्या पार्किंगने?

हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील टोलेडो शहराच्या पाण्यात शेवाळाने तयार केलेले विष आढळले. एरी सरोवर हा या शहराचा पाणीपुरवठा. शहर व परिसरातील चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगण्यात आले. ते पाणी उकळूनही चालत नव्हते, कारण उकळल्याने हे विष नष्ट होत नाही, उलट पाणी आटून ते अधिक दाट होते. तेथील स्फुरद प्रामुख्याने शेतीतून आले होते, शहरातून नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु तलावाला शेतातले स्फुरद आणि रस्त्यावरचे स्फुरद यांत फरक कळत नाही.

मग उपाय काय? उपाय आहे आणि तो आपल्या पायाखाली आहे. तो म्हणजे माती. मात्र कोणतीही माती नव्हे.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनला लागून मेरिलँड राज्यात प्रिन्स जॉर्जेस नावाची काऊंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग आहे. तेथील लोकसंख्येत कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत. या भागातून ॲनाकोस्टिया नदी वाहत राजधानीत शिरते. तिच्या पूर्वेकडे प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या वस्त्या आहेत. गुलामीतून सुटून गुलामीविरुद्ध उभे राहिलेले फ्रेडरिक डग्लस यांचे शेवटचे घर याच ॲनाकोस्टिया भागात आहे. १८९५ साली त्यांचे तेथेच निधन झाले. पलीकडची पोटोमॅक नदी राजधानीची शोभा म्हणून सांभाळली गेली आणि ॲनाकोस्टियाला 'विसरलेली नदी' हे नाव पडले. १९७१ पासून राजधानीच्या हद्दीत नदीत पोहण्यावर बंदी आली. ज्यांच्या दारातून घाण वाहते ते कोण असतात, हे जगात सगळीकडे सारखेच दिसते. त्यासाठी जातीची उतरंड असो वा वर्णाची, नकाशा मात्र एकाच पद्धतीने काढला जातो.

याच प्रिन्स जॉर्जेस काऊंटीच्या अभियंत्यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी एक वेगळा विचार केला. पावसाचे पाणी पाइपात घालून नदीत फेकण्याऐवजी ते रस्त्याच्या व पार्किंगच्या कडेला खोलगट वाफ्यात आणावे, वाफ्यात वाळूमिश्रित माती भरावी, वर झाडे लावावीत, पाणी मातीतून गाळून खाली उतरू द्यावे आणि मगच पुढे सोडावे. १९९३ मध्ये काऊंटीने या पद्धतीची पुस्तिका प्रसिद्ध केली. इंग्रजीत याला बायोरिटेन्शन म्हणतात, घरगुती आकाराच्या वाफ्याला रेन गार्डन म्हणतात. आम्ही याला पाऊसवाफा म्हणू. गढूळपणा, तेल, शिसे, जस्त ही घाण अशा वाफ्यात चांगली अडकते. ही पद्धत तेथून अमेरिकेत आणि पुढे जगभर गेली.

परंतु येथे एक मोठी गोम निघाली आणि ती आपल्या इंजिनिअरांनी आणि नगरसेवकांनी नीट समजून घ्यावी अशी आहे. गढूळपणा अडकला, पण नत्र आणि स्फुरद अनेक ठिकाणी अडकले नाही. काही ठिकाणी तर वाफ्यात शिरलेल्या पाण्यापेक्षा बाहेर पडलेल्या पाण्यात स्फुरद जास्त निघाले! उत्तर कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथील वाफ्याचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे भरलेल्या मातीतच मुळात स्फुरद भरपूर होते. ती माती पाणी शुद्ध करण्याऐवजी स्वतःजवळचे स्फुरद पाण्यात सोडत होती. वॉशिंग्टन राज्यात ६० टक्के वाळू आणि ४० टक्के कंपोस्ट असे सरकारी मिश्रण ठरले होते. झाडे उत्तम वाढली, पण कंपोस्टमधून नत्र, स्फुरद आणि तांबे पाझरू लागले.

याचा अर्थ स्पष्ट आहे. शेतीत जी माती पहिल्या नंबराने पास होते, ती या कामात नापास होते. शेतकऱ्याला खताने भरलेली माती हवी असते, पाऊसवाफ्याला स्फुरदाची भुकेली माती हवी असते. आपल्याकडे उद्यान विभागाला काम दिले की तो लाल माती आणि शेणखताच्या गाड्या मागवतो. फोटोत वाफा हिरवागार दिसेल, वर्तमानपत्रात 'पर्यावरणपूरक प्रकल्प' म्हणून बातमी येईल आणि तलावात मात्र पूर्वीपेक्षा जास्त स्फुरद जाईल. ज्या गोष्टीला 'हरित' म्हटले ती आपोआप स्वच्छ होत नाही, हे या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे.

मग संशोधकांनी मातीत काय मिसळायचे याचा शोध घेतला. येथे रसायनशास्त्र थोडे आहे, पण ते अवघड नाही. पाण्यात विरघळलेले स्फुरद नुसत्या वाळूत अडकत नाही, पण लोहाच्या गंजाला आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांना ते घट्ट चिकटते. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी वाळूत वजनाने ५ टक्के लोहकीस मिसळला. शाळेच्या प्रयोगशाळेत चुंबकाला चिकटवून दाखवतात, तोच लोहकीस. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विरघळलेले स्फुरद सरासरी ८८ टक्के अडकले आणि एकूण २०० मीटर उंचीचे पाणी त्या थरातून जाईपर्यंत ही क्षमता टिकली. किसाचा गंज होतो आणि गंज स्फुरदाला धरून ठेवतो. लोखंडाचा जो दोष आपण मानतो, तोच येथे गुण ठरला.

हे २०० मीटर म्हणजे किती, याचा ढोबळ हिशेब आम्ही मांडून पाहिला. समजा, एक गुंठा वाफ्यावर वीस गुंठे झाकलेल्या जागेचे पाणी येते. वर्षाला एक मीटर पाऊस पडणाऱ्या शहरात त्या वाफ्यातून वर्षाला सुमारे २० मीटर पाणी जाईल, म्हणजे थर सुमारे दहा वर्षे चालेल. मुंबईत वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे तो चार-पाच वर्षांत बदलावा लागेल. हिशेब कागदावरचा आहे, प्रत्यक्षात मुसळधार पावसाचे बरेच पाणी वाफ्यावरून ओसंडून जाईल. पण देखभालीचा खर्च टेंडरमध्ये पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे, एवढे त्यातून निश्चित कळते.

दुसरे मिश्रण तर आणखी स्वस्त आहे. जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यातील गढूळपणा बसवण्यासाठी तुरटी किंवा तत्सम ॲल्युमिनियमचे रसायन टाकतात. टाकीच्या तळाशी जो गाळ बसतो त्यात ॲल्युमिनियम भरपूर असते. हा गाळ म्हणजे महापालिकेच्या डोक्याला ताप, तो कोठे टाकावा हा प्रश्न. मेरिलँड विद्यापीठातील संशोधकांनी वाफ्याच्या मातीत सुमारे ५ टक्के असा गाळ मिसळून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्यातील स्फुरद त्या मातीने चांगले धरून ठेवले. म्हणजे एका खात्याचा कचरा दुसऱ्या खात्याचे औषध होऊ शकतो. फक्त त्यासाठी पाणीपुरवठा खाते आणि पर्जन्यजल खाते यांनी एकमेकांशी बोलले पाहिजे!

नत्राची गोष्ट निराळी आहे. नत्राचे नायट्रेट झाले की ते कशालाच चिकटत नाही, पाण्याबरोबर सरळ निघून जाते. त्याला जिवाणूच लागतात. हवा नसलेल्या जागी काही जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि उरलेले नत्र वायुरूपाने हवेत सोडतात. म्हणून वाफ्याच्या तळाशी पाणी साचून राहील अशी सोय करतात. बाहेर जाणारा पाइप कोपरासारखा वर वळवला की खालचा थर कायम भिजलेला राहतो. त्या जिवाणूंना खायला कार्बन लागतो. मेरिलँड विद्यापीठाच्याच २००३ मधील संशोधनात गव्हाचा भुसा, लाकडाचा भुसा, लाकडाचे तुकडे, पानांचे कंपोस्ट असे अनेक पदार्थ तपासले गेले. त्यात सर्वांत सरस ठरले ते वर्तमानपत्राच्या रद्दीचे तुकडे! तेव्हा आमचा हा लेख सत्ताधाऱ्यांनी वाचला नाही, तरी निदान त्याची रद्दी पाणी शुद्ध करण्याच्या कामी येऊ शकते.

वॉशिंग्टन राज्यानेही आपल्या मिश्रणाचा फेरविचार केला. २०२१ मधील तेथील नव्या मार्गदर्शिकेत जास्त कार्यक्षम मिश्रण म्हणून ७० टक्के वाळू, २० टक्के नारळाचा काथ्या आणि १० टक्के बायोचारसारखा कोळसा सुचवण्यात आला. कंपोस्ट गेले आणि काथ्या आला. ज्या राज्यात नारळ पिकत नाही, ते राज्य काथ्या वापरते. आपल्या कोकण किनाऱ्यावर नारळाची सोडणे ढिगाने पडलेली असतात.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेत पैसा आहे म्हणून हे जमते. यात अर्धेच सत्य आहे. पैशाआधी तेथे कायदा उभा राहिला. ॲनाकोस्टियाचे पाणी पोटोमॅकमधून चेसापीक उपसागरात जाते. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या उपसागरात दरवर्षी किती नत्र आणि किती स्फुरद जाऊ शकेल याची मर्यादा आकड्यांत घालून दिली. नत्रात २५ टक्के आणि स्फुरदात २४ टक्के कपात असे सहा राज्ये व राजधानी मिळून ठरले. त्यासाठीच्या उपाययोजना २०२५ पर्यंत पूर्ण करायच्या होत्या. २०१२ मध्ये मेरिलँडने मोठ्या काऊंट्यांना व बाल्टिमोर शहराला झाकलेल्या जमिनीवर शुल्क लावण्याचा कायदा केला. ज्याची जमीन जास्त झाकलेली, त्याने जास्त द्यावे, हे त्यामागचे तत्त्व. विरोधकांनी त्याला 'पावसावरचा कर' म्हणून हिणवले, निवडणुकीत मुद्दा केला आणि २०१५ मध्ये शुल्काची सक्ती काढून घेण्यात आली. झाकलेल्या जमिनीचा मालक सर्वत्र असाच ओरडतो! तरीही प्रिन्स जॉर्जेस काऊंटीने आपले शुल्क चालू ठेवले. तेथील चर्चना मोठमोठी पार्किंगची मैदाने आहेत. चर्चने आपल्या जागेत पाऊसवाफे करू दिले आणि लोकांना त्याची माहिती दिली तर शुल्कात सवलत, अशी तडजोड झाली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या कामात ३० ते ४० टक्के काम स्थानिक, लहान आणि अल्पसंख्य समाजाच्या उद्योगांना देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ज्यांच्या दारातून घाण वाहिली, त्यांच्या हाताला ती थांबवण्याचे काम आणि दाम मिळावे, हा विचार आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

सगळे यशस्वी झाले असे मात्र नाही. नत्र-स्फुरदाचे २०२५ चे उद्दिष्ट गाठता येणार नाही, हे मुदत संपण्याआधीच तेथील यंत्रणांना मान्य करावे लागले. मात्र तेथे अपयशसुद्धा मोजता येते, कारण आकडा ठरलेला आहे. आपल्याकडे सुशोभीकरणाच्या योजनेत स्फुरद किती होते आणि किती उरले पाहिजे हा आकडा शोधून पाहा. कारंज्याची उंची सापडेल, दिव्यांची संख्या सापडेल, स्फुरदाचा आकडा सापडणे कठीण.

मुंबईच्या पवई तलावाचे उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव आज पिण्याच्या कामाचा राहिलेला नाही. मैलापाणी आणि जलपर्णी हे त्याचे जुने दुखणे. महापालिकेने तेथे सायकल आणि जॉगिंग ट्रॅक हाती घेतला. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून केलेले बांधकाम काढून टाकण्याचा आदेश दिला. तलावाचे दुखणे पाण्यात आणि खर्च काठावर, असा हा प्रकार.

अमेरिकेचा नमुना जसाच्या तसा उचलून आपल्याकडे चालणार नाही, हेही आम्ही स्पष्टपणे सांगतो. पहिली गोष्ट, आपल्या पावसाच्या नाल्यात मैलापाणी मिसळलेले असते. पाऊसवाफा हा मैलापाण्यावरचा उपाय नाही. त्यावर मलनिस्सारण वाहिनी आणि प्रक्रिया केंद्र हेच उत्तर आहे. नाल्याकाठच्या वस्तीचे मैलापाणी नाल्यात जात असेल, तर त्या वस्तीला वाहिनी कोणी दिली नाही, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता, पर्यावरणाचे रक्षण आणि झोपडपट्टी सुधारणा ही नगरपालिकांची कामे एकाच यादीत दिली आहेत. पर्यावरणाचे नाव घेऊन झोपडपट्टी हटवणे हे त्या यादीत कोठेही नाही. दुसरी गोष्ट, आपला पाऊस चार महिन्यांत कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असा पाऊस कोणताही वाफा गाळू शकत नाही. परंतु आठ महिने साचलेली घाण पहिल्या काही सरींतच सर्वांत जास्त धुऊन निघते. ते पहिले पाणी गाळले आणि पुढचे ओसंडून जाऊ दिले तरी मोठा फायदा आहे. तिसरी गोष्ट वाळूची. नदीचे पोट फाडून काढलेली वाळू वाफ्यात भरून तलाव वाचवणे म्हणजे एकाचे घर मोडून दुसऱ्याचे बांधणे आहे. दगडखाणीतील कृत्रिम वाळू चालते का, हे आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तपासून सांगावे. लोहकीसही स्वच्छ हवा. कारखान्यातील लेथवरचा तेलकट कीस भरला तर नवे विष घातल्यासारखे होईल.

चौथी गोष्ट आम्हाला सर्वांत जवळची आहे. हा वाफा साफ कोण करणार? वरच्या थरात दरवर्षी गाळ बसतो, त्यात तेल असते, शिसे असते, जस्त असते. तो थर खरवडून काढावा लागतो. हे काम कंत्राटी सफाई कामगाराच्या अंगावर, हातमोजे आणि बुटांशिवाय, ढकलले जाणार असेल तर आमचा या योजनेला विरोध राहील. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावणाऱ्या कामगारांच्या वारसांना ३० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तरीही गटारात माणूस उतरवणे थांबलेले नाही. पाऊसवाफा ही उघडी, उथळ जागा असते. त्यात कोणाला उतरून गुदमरावे लागत नाही आणि तेथे जितका गाळ अडेल तितका पुढे बंद गटारात कमी जाईल. म्हणून योग्य पगार, साधने आणि कायम नोकरी देऊन हे काम झाले तर ते सफाई कामगाराच्या हिताचेच आहे. माळी म्हणून एक माणूस आणि गाळ काढणारा म्हणून दुसऱ्या जातीचा दुसरा माणूस, अशी विभागणी मात्र होता कामा नये.

'निधी नाही' हे उत्तर महापालिका देईल. ते उत्तर कायद्याने केव्हाच निकालात काढले आहे. मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेने उघड्या गटारांबाबत हेच उत्तर दिले होते. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचे कर्तव्य पैशाची सबब सांगून टाळता येत नाही, असे न्यायालयाने बजावले. त्या वेळी आधार होता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ चा. आज तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. आणि सार्वजनिक तळे हे सर्वांचे असते, हे तर आपल्याला चवदार तळ्याने शिकवले आहे. १९२७ मध्ये सुरू झालेला तो लढा बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. तळ्याचे पाणी घेण्याच्या हक्काचा लढा सुरू होऊन शंभर वर्षे होत आली. आता ते पाणी घेण्याच्या लायकीचे राहील, हे पाहण्याची जबाबदारी आपली आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? माहिती अधिकार कायदा, २००५ हे आपल्या हातातले शस्त्र आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा आणि विचारा: गेल्या पाच वर्षांत जलपर्णी काढण्यावर किती खर्च झाला? तलावातील नत्र व स्फुरद किती वेळा मोजले? पावसाचे पाणी कोणकोणत्या तोंडांनी तलावात येते आणि त्यात मैलापाणी कोठे मिसळते? सुशोभीकरणाच्या टेंडरमध्ये मातीचे मिश्रण काय लिहिले आहे, कंपोस्ट किती टक्के आहे आणि त्या मातीची स्फुरद चाचणी झाली आहे का? देखभालीसाठी किती वर्षांची तरतूद आहे आणि कामगार कोणत्या अटींवर घेणार?

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. या कायद्याच्या कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे, तीत केवळ कागद मागणे येत नाही. चालू कामाची पाहणी करणे आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेणे हाही त्यात नागरिकाचा हक्क आहे. म्हणजे महापालिकेने बागेत, दुभाजकात किंवा तलावाकाठी जी माती भरली, तिचा प्रमाणित नमुना तुम्ही मागू शकता. तो जवळच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत देऊन त्यातील उपलब्ध स्फुरद तपासता येते. स्फुरद भरपूर असेल, तर शेतकरी खूश होईल, पण तुमच्या तलावासाठी ती माती विष आहे, हे सिद्ध करायला तो एक कागद पुरेसा आहे. यासाठी वकिलाची गरज नाही. दहावी पास झालेली वस्तीतील मुलगी हे काम करू शकते.

आमच्या विहारांची, समाजमंदिरांची आणि शाळांची पटांगणे बहुतेक फरशी घालून झाकलेली असतात. तेथे छपराचे पाणी एका कोपऱ्यात आणून, कमी स्फुरदाच्या वाळूमिश्रित मातीचा एक वाफा करून पाहायला सरकारी परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. पाणी साचून डास होणार नाहीत एवढी काळजी घ्यावी. पाऊस थांबल्यावर दिवसभरात वरचे पाणी जिरले पाहिजे. ज्याला दुसऱ्याकडून जाब घ्यायचा आहे, त्याने आपल्या अंगणापासून सुरुवात केली तर त्याच्या शब्दाला वजन येते.

पुढच्या वेळी महापालिकेच्या सभागृहात तलावाच्या सुशोभीकरणाचा ठराव येईल, तेव्हा आपल्या नगरसेवकाला एवढेच विचारा: काठावर काय बसवणार ते नंतर सांगा, पाण्यातले स्फुरद किती होते आणि किती करणार ते आधी सांगा. त्याला उत्तर देता आले नाही, तर तो ठराव तलावासाठी नाही, ठेकेदारासाठी आहे असे खुशाल समजावे. आणि जोपर्यंत हे उत्तर मिळत नाही, तोपर्यंत नाल्याकाठच्या एकाही घराला 'प्रदूषणाच्या' नावाखाली हात लावू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.